चुंबकाला न चिकटणारं स्टील

बाबा बफिंगचं, म्हणजे चाकावर भांडी चमकवायचं, काम कधी सोडणार, हा त्या वर्षांत आमच्या घरातला एकमेव खरा प्रश्न होता. पाण्याचा टँकर कधी येणार, जिन्यातला दिवा कोण लावणार, हे प्रश्न सगळ्या भाईंदरचे होते आणि त्यावर सगळी बिल्डिंग मिळून भांडायची. हा प्रश्न मात्र आम्हा तिघांचाच होता आणि त्यावर घरात फारसं कुणी बोलायचंही नाही.

आम्ही पूर्वेला राहायचो. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर स्टीलच्या भांड्यांचे गाळे होते, एकाला एक लागून. पत्रा दाबून त्याची ताटं, वाट्या, डबे व्हायचे आणि शेवटी ती भांडी बाबांसारख्या माणसांच्या हातात यायची. मोटारीवर गरगर फिरणारं कापडी चाक, त्याला फासलेला पॉलिशचा मसाला, आणि त्यावर दोन्ही हातांनी दाबून धरलेलं भांडं. खरबरीत काळपट वाटी चाकावरून उतरली की तिच्यात तोंड दिसायचं. बाबा नाकातोंडावर पांढरा पंचा बांधून जायचे आणि संध्याकाळी तो काळा करून आणायचे. आई तो वेगळ्या बादलीत भिजत घालायची. पाणी ओतून दिलं की बादलीच्या तळाला काळा गाळ राहायचा, तो ती राखेने घासून काढायची.

खोकला सुरू झाला तेव्हा स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "चाकावरून उठा. औषध देतो, पण चाकावर बसून औषध घेण्यात काही अर्थ नाही." आईने त्यावर रडून बघितलं, अबोला धरून बघितला. बाबांचं एकच उत्तर, "पोरीचं एम.एस्सी. होऊ दे." हे ऐकलं की मला चीड यायची. माझ्या शिक्षणाच्या नावावर कुणी आपली छाती गहाण टाकावी, असं मी मागितलं नव्हतं. पण बाबांशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. भिंत निदान खोकत तरी नाही.

मी तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात प्रबंध लिहून एम.एस्सी. करत होते. विषय होता निकेलची संयुगं. एखाद्या संयुगात निकेलचे इलेक्ट्रॉन कसे बसलेत हे ओळखायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणायला सोपं आहे. इलेक्ट्रॉन काही कुणी पाहिलेला नाही. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आत डोकावता येत नाही. बाहेर काय दिसतंय ते नीट बघायचं आणि त्यावरून आतलं ओळखायचं. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे." मॅडम कडक होत्या. त्या वर्षातून एकदा हसायच्या आणि तेही बहुतेक दुसऱ्याच्या चुकीवर.

निकेलच्या ज्या रूपाशी माझा संबंध होता, त्याच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन असतात. सहा जोडीजोडीने बसलेले. उरलेले दोन कसे बसतात यावर सगळं ठरतं. ते दोघं वेगवेगळे, एकेकटे बसले तर संयुग चुंबकाकडे ओढलं जातं. त्यांचीही जोडी लागली तर चुंबक त्याला ओढत नाही, उलट अगदी किंचित दूर लोटतं. रंगावरूनही अंदाज येतो. निकेलचा साधा क्षार पाण्यात विरघळवला की पाणी पोपटी हिरवं दिसतं, त्यात दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात. मी त्यात माझा दुसरा पदार्थ घातला की डोळ्यांदेखत हिरवा रंग जायचा आणि विटकरी लाल साका खाली बसायचा. तो लाल रंग सांगायचा की आता सगळ्यांच्या जोड्या लागल्यात. पण एका साक्षीवर निकाल लागत नाही. दुसरी साक्ष वजनाची हवी होती.

त्यासाठी एक खास तराजू असतो. काचेची बारीक नळी संयुगाच्या पावडरीने भरायची, तराजूच्या एका बाजूला धाग्याने टांगायची, तिचं खालचं टोक विजेवर चालणाऱ्या दोन चुंबकांच्या मधोमध लोंबतं ठेवायचं. करंट बंद असताना वजन घ्यायचं, मग करंट सुरू करून पुन्हा घ्यायचं. वजन वाढलं तर आत एकटे इलेक्ट्रॉन आहेत. घटलं तर सगळे जोडीने आहेत. आमच्या कॉलेजात तो तराजू नव्हता. शहरातल्या एका मोठ्या संस्थेत होता आणि तिथे आम्हाला ठरलेला दिवस मिळायचा. तिथे गेल्यावर नळी भरत बसायला वेळ नसायचा, म्हणून मी ती घरून भरून न्यायचे.

नळी भरणं हे महाकंटाळवाणं काम. चिमूटभर पावडर आत टाकायची, नळी लाकडावर हळूहळू आपटत राहायची, पावडर खाली बसली की आणखी चिमूटभर. मध्ये पोकळी राहिली की हिशेब चुकलाच. धातूचा चमचा वापरायचा नाही, कारण लोखंडाचा एखादा कणही आत गेला तर सगळं बिघडतं. म्हणून मॅडमनी मला शिंगाचा छोटा चमचा दिला होता. तो मी कापसात गुंडाळून पेन्सिलच्या डबीत ठेवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाही. त्या सावधपणाचं मला आता हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

कारण नळी आपटायचं काम बाबा करायचे. मला दहा मिनिटांत कंटाळा यायचा, त्यांना यायचा नाही. कामावरून आले की हातपाय धुऊन, चहा पिऊन ते पाटासमोर बसायचे. काच फुटू नये म्हणून पाटावर आपल्या धुतलेल्या पंचाची घडी ठेवायचे आणि नळी दोन बोटांत धरून टक टक टक आपटत राहायचे. खोकला आला की नळी बाजूला धरायचे, तोंड फिरवायचे, मग पुन्हा सुरू. घरात दुसरा आवाज नसायचा. दिवसभर मोटारीच्या घरघरीत असलेल्या माणसाला तो बारीक आवाज आवडत असावा.

"यात हाय काय?" एकदा त्यांनी विचारलं.

"निकेल."

"आमच्या पत्र्यातपण असतं ते. सेठ सांगतो ना, निकेलवाला माल."

"तेच."

"मग आपण दोघं एकाच धंद्यात की." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी आईकडे बघितलं.

निकेल असलेलं चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही, यावर त्या गाळ्यांचा सगळा व्यापार उभा होता. सेठच्या खिशात दोरीला बांधलेलं एक चुंबक असायचं. गिऱ्हाईक आलं की तो ताट उताणं धरून मधोमध चुंबक टेकवायचा. "देखो, चिपकता है क्या? असली माल है, भाई." चुंबक घसरून खाली लोंबायचं आणि गिऱ्हाईकाचं समाधान व्हायचं. बाबांनाही त्याचा अभिमान होता. आपण खोट्या मालाला हात लावत नाही, आपल्या मालाला चुंबक लागत नाही, हे ते पाहुण्यांना सांगायचे. मीही ते लहानपणापासून ऐकत आले होते. त्यामुळे इतर कुठल्याही घरात जी शंका आली असती, ती आमच्या घरात कुणाला आली नाही.

लाल संयुगाचा दिवस आला. मी नळी टांगली, वजन घेतलं, करंट सुरू केला. वजन घटायला हवं होतं. ते वाढलं. मी सगळं उतरवून परत लावलं. परत वाढलं. हिशेब केला तर उत्तर धड शून्य एकट्या इलेक्ट्रॉनांचं नाही, धड दोनाचंही नाही, मध्येच कुठेतरी लटकलेलं. तिथल्या तिथे माझं डोकं धावायला लागलं. म्हणजे काही भाग लाल, चौकोनी मांडणीचा, जोडीने बसलेला, आणि काही भाग दुसऱ्याच आकाराचा, एकट्या इलेक्ट्रॉनवाला? दोन्ही रूपं एकाच पावडरीत? असं असेल तर ती मोठीच गोष्ट होती. त्या दिवशी मॅडम बरोबर आल्या होत्या; त्यांना सांगताना मी अक्षरशः धापा टाकत होते.

मॅडमनी आकडे बघितले. "आनंद नंतर कर," त्या म्हणाल्या. "आधी करंट कमी-जास्त करून पुन्हा वजनं घे."

युक्ती साधी होती. संयुगाचे स्वतःचे इलेक्ट्रॉन असतील तर चुंबक कितीही जोराचं करा, हिशेब केल्यावर उत्तर तेच येतं. पण आत लोखंडाची भुकटी असेल तर उत्तर जागेवर राहत नाही. मी करंट वाढवत गेले आणि उत्तर खाली खाली येत गेलं. शेवटचा आकडा लिहिला तेव्हा माझी दोन रूपांची मोठी गोष्ट संपली होती.

"लोखंड," मॅडम म्हणाल्या. "नळी कुठे भरलीस?"

"घरी. शिंगाच्या चमच्यानेच, मॅडम."

"आपटलीस कशावर?"

"पाटावर. बाबांच्या पंचाच्या घडीवर." मॅडमना बाबांचं काम माहीत होतं. मग मी जरा तावातावानेच म्हणाले, "पण त्यांच्या स्टीलला चुंबक लागत नाही. सेठ चुंबक लावून दाखवतो, मी स्वतः बघितलंय."

"अख्ख्या पत्र्याला लागत नसेल. तोच पत्रा दाबला, ताणला, घासला की आतली मांडणी बदलते. जी भुकटी उडते ती पत्र्यासारखी राहत नाही. आणि माल सगळा सांगतात तेवढा चांगलाही नसतो." मग त्यांनी विचारलं, "तो सेठ चुंबक लावतो कुठे? ताटाच्या मध्ये की कडेला?"

मला आठवत होतं. मध्ये. नेहमी मध्ये.

मॅडम रागावल्या नाहीत. कॉलेजात परतल्यावर त्यांनी खणातून एक छोटं नालाच्या आकाराचं चुंबक काढून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "घरी खात्री करून घे," म्हणाल्या. त्या दिवशी त्या कशाची खात्री करायला सांगत होत्या, हे मला घरी पोचेपर्यंत पूर्ण कळलं होतं.

रविवारी सकाळी बाबा विहारात वंदनेला गेले होते. ते यायच्या आत उरकावं म्हणून मी खिडकीशी बसले, पांढऱ्या कागदावर उरलेली लाल पावडर पसरली आणि कागदाखालून चुंबक फिरवलं. लाल पावडर हलली नाही. तिच्यातून चार-दोन काळे ठिपके तेवढे निघाले आणि चुंबकाच्या मागे सरकू लागले. मी बघत बसले आणि बाबा दारात आलेले मला कळलंच नाही.

"काय चाललंय?"

मी काहीही सांगू शकले असते. पण सांगितलं ते खरंच. नळीत लोखंड सापडलं, माप चुकलं, आणि ते बहुधा पंचातून, हातातून गेलं असावं.

बाबांना पटेना. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, रॅकमधलं एक ताट काढलं आणि चुंबक मधोमध टेकवलं. नाही चिकटलं. "बघ."

मी त्यांच्या हातातलं चुंबक ताटाच्या वळवलेल्या कडेवर नेलं. तिथे ते किंचित धरलं. ओढून काढावं लागावं इतपतच, पण धरलं. बाबांनी ते माझ्याकडून घेतलं. मग ते रॅकपुढे उभे राहून एकेक भांडं तपासत गेले, वाट्यांचे काठ, डब्यांचे कोपरे, तांब्याचा गळा. कुठे धरत होतं, कुठे सुटत होतं. आई कणीक भिजवता भिजवता थांबली होती. शेवटी बाबा गॅलरीत गेले, दोरीवर वाळत घातलेला पंचा आणला आणि माझ्या कागदावर झटकला. आईने तो आदल्याच दिवशी दोन पाण्यांतून काढला होता. त्यांनी चुंबक त्यावरून फिरवलं. चुंबकाच्या दोन्ही टोकांना काळी लव उभी राहिली.

"हेच जातंय छातीत," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने इतकी वर्षं हेच बादलीतून घासून काढलं होतं.

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "छातीचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुझं काम नासलं?"

"हे एक नासलं. परत बनवायला लागेल."

"माझ्यामुळं."

मी नाही म्हणाले नाही. मला त्यांची फार दया आली, खूप वाईट वाटलं, आणि त्याच वेळी मनात एक आशा उभी राहिली तीही लपवत नाही. जे डॉक्टरांच्या बोलण्याने झालं नव्हतं, आईच्या रडण्याने झालं नव्हतं, ते या चिमूटभर लाल पावडरीने होईल असं मला दिसलं. मी तोंड मिटून ते होऊ दिलं. बाबा उठले आणि साबण घेऊन हात धुवायला गेले. ते इतका वेळ हात धूत राहिले की शेवटी आईने नळाजवळ जाऊन त्यांच्यासमोरची बादली बाजूला सरकवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेठला सांगितलं. सेठने थांबवायचा प्रयत्न केला, चाकाऐवजी पॅकिंगला बसा म्हणाला. बाबा म्हणाले, गाळ्यातच नको. मग ते मीरा रोडच्या बाजूला नव्याने उठणाऱ्या एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागले. लोखंडी गेट, प्लॅस्टिकची खुर्ची आणि समोर मिठागरांवरून येणारा वारा. त्यांना ते काम मनापासून आवडलं नाही. "बसून बसून माणूस गंजतो," म्हणायचे. पण पंचा आता पांढरा जायचा आणि पांढरा यायचा. आई सवयीने तो तरीही वेगळ्याच बादलीत भिजवायची.

मी लाल संयुग पुन्हा केलं. साका धुतला, वाळवला, घरी आणला. या वेळी पाटावर नवीन कोऱ्या कापडाची घडी ठेवली आणि बाबांना म्हटलं, "या, बसा."

"नको."

"आता कुठे भुकटी आहे तुमच्या हाताला?"

"कुणास ठाऊक. नखात असंल, कातडीत असंल. नको. मी हितून बघतो." ते उंबऱ्यावर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी आपटायला लागले आणि लगेच त्यांना राहवेना. "हळू. घट्ट नको धरू. दोन बोटांत. सरळ पडू दे, तिरकी नको." माझे हात चुकत होते आणि ते लांबून हवेत आपली दोन बोटं वरखाली करून दाखवत होते. मी खूप आग्रह केला, पण ते उंबऱ्यावरून हलले नाहीत. त्यानंतर त्यांनी माझ्या एकाही नळीला हात लावला नाही.

या वेळी करंट सुरू केला आणि वजन घटलं. अगदी थोडं. मी करंट बदलून बदलून बघितलं, उत्तर जागचं हललं नाही. मॅडमनी आकडे बघून मान हलवली आणि वर्षातलं ते एक हसू त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं.

बाबा गेटवरच्या ड्युटीला निघाले होते. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "ओढलं?"

"नाही. उलट लोटलं."

"म्हणजे सगळे जोडीनं बसलेत." मी एकदा समजावून सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं.

"सगळे."

त्यांनी ते आत जाऊन आईला सांगितलं. तिला त्यातलं काय कळलं मला माहीत नाही, पण ती "बरं झालं" म्हणाली आणि त्यांच्या हातात डबा दिला.

माझं एम.एस्सी. झालं, मी एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. बाबांचा खोकला मात्र गेला नाही. आधी जिना चढताना थांबायचे, मग सपाटीवरही थांबायला लागले. मी त्यांना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीच्या एक्स-रेची फिल्म दिव्यावर लावली. दोन्ही बाजूंना पांढरे बारीक ठिपके पसरलेले होते. डॉक्टर म्हणाले, ही जुनी भुकटी आहे, इतकी वर्षं आत बसलेली, ती आता निघणार नाही. काम वेळेवर सोडलंत म्हणून इथपर्यंत आलात, एवढंच म्हणता येईल.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. दुसऱ्या एका तपासणीसाठी नंबर यायचा होता. बाबांनी बराच वेळ श्वास गोळा केला आणि माझ्याकडे बघून जरासे हसले.

"तुझ्या कॉलेजात मोठ्ठं चुंबक आसंल ना गं?"

मी त्यांच्याबरोबर हसायला गेले, पण जमलं नाही. मी पर्स उघडून त्यात उगाच काहीतरी शोधायला लागले. नळीत कण गेला तर ती पावडर टाकून देता येते, दुसरी करता येते. हे मला त्या बाकावर जितकं कळलं तितकं ते वर्गात शिकवताना कधी कळलं नव्हतं.

"नाही, बाबा," मी शेवटी म्हणाले. "त्याने नाही होत."

"ऱ्हाऊ दे मग." ते बाकावर जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "ते तुझं लाल. त्यात नंतर काय राह्यलं नव्हतं ना? माझं?"

"काही नाही. एकदम साफ आलं होतं."

"मग झालं," बाबा म्हणाले. आतून त्यांचा नंबर पुकारला गेला आणि ते भिंतीला हात धरून उठले.